फेरी बंद, चक्र चालू

साहेब, फेरी तुम्ही बंद पाडलीत. पाटी दुसऱ्याने ठोकली असेल, खिळे तिसऱ्याने आणले असतील, पण हुकूम तुमचा. धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलनीच्या तोंडाशी तुमच्या कार्यालयाने लिहून लावलं, ‘भांडेवाल्या, कपडेवाल्या व सर्व फेरीवाले यांना प्रवेश बंद.’ आणि त्याच आठवड्यात पुढच्या वळणावर एक हिरवा लोखंडी डबा आणून बसवला. डब्यावर एकमेकांची शेपटी धरून गोल फिरणारे तीन बाण. खाली अक्षरं, ‘चक्राकार अर्थव्यवस्था : गरिबांचा सहभाग, शहराची प्रगती.’ गरिबाला वेशीवर अडवायचं आणि त्याच्या सहभागाची जाहिरात आत लावायची, ही अक्कल कोणत्या शाळेत शिकवतात?

तुमचं नाव घेत नाही. वाचताना ज्याला ठसका लागेल, तो तुम्ही. आता गुमान बसा आणि यशोदाबाईची गोष्ट ऐका, कारण त्या दिवशी हॉलमध्ये तिचं बोलणं तुम्ही पुरतं ऐकलं नव्हतं.

यशोदाबाई बोदवडची लेक, धुळ्याची सून. नवरा सुपडू मार्केट यार्डात हमाल होता. पाठीने दगा दिला तसा तो खाटेला लागला आणि यशोदाबाईने टोपली डोक्यावर घेतली. टोपलीत पातेली, डबे, चाळण्या, वाट्या. खांद्यावर गाठोडं. सकाळी टोपली जड आणि गाठोडं हलकं, दुपार कलली की उलटं. सून सारिका घरात आली तोवर अर्ध्या देवपूरच्या ओट्यांना यशोदाबाईचा आवाज पाठ झाला होता, “भांडेऽऽय! जुन्या कपड्यावर भांडेऽऽय!”

हा धंदा म्हणजे नुसती देवघेव नव्हे, भांडणाचा सोहळा. ताईबाई अक्का म्हणजे त्यातली पट्टीची पैलवान. शेती मुलांच्या हाती देऊन कॉलनीत राहायला आलेली म्हातारी, तोंडाने अजून नांगर हाकायची.

“यशोदे, ह्या दोन लुगडासवर ते झाकणनं पातेलं दे.”

यशोदाबाईने लुगडं उन्हात धरलं. “अक्का, यातून पांझरा नदीचं पाणी दिसतंय.”

“डोया तपासी ले. गया सालनं लुगडं शे हाई!”

“कोणत्या गया सालनं? तुमचं लग्न झालं त्या?”

मग अक्का शिव्या घालणार, यशोदाबाई टोपली उचलून चार पावलं जाणार, अक्का हाक मारणार, शेवटी पातेलं अक्काकडे राहणार पण झाकण टोपलीत परत जाणार. शेजारची शेवंताबाई, पंडित रिक्षावाल्याची आई, तर आणखी चिवट. बारीक जाळीच्या एका चाळणीवर तिचा दोन वर्षं डोळा होता. दर फेरीला एकच लुगडं पुढे करायची, यशोदाबाई दोन मागायची, सौदा मोडायचा आणि दोघी चहा प्यायच्या. चाळणी टोपलीतच राहिली.

भावात वाटेल तेवढं खोटं चालायचं. पण फेरीचे तीन नेम होते आणि त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं. पहिला, कापड फुकट द्यायचं नाही. बदल्यात चमचा का होईना, घ्यायचाच. फुकट टाकलेलं कापड म्हणजे दृष्ट काढून टाकलेला उतारा, त्याला हात न लावता वळसा घालून जायचं असतं. दुसरा, देणारीने पदराची एक चिंधी फाडून स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे त्या लुगड्यावर तिच्या नावाने कुणी करणी करू शकत नाही. आणि तिसरा सगळ्यात मोठा. कापड गेलेल्या माणसाचं असेल तर तोंडाने तसं सांगायचं. असं कापड यशोदाबाई वेगळं बांधायची, कडुनिंबाच्या पाल्यात उकळायची आणि ते गोधडीच्या पोटात जायचं. अंगावर घालायला ते बाजारात कधीही जायचं नाही.

तुम्हाला ही अंधश्रद्धा वाटेल, साहेब. वाटू द्या. पण या तीन नेमांवर एवढ्या घरांचा विश्वास उभा होता. धडधाकट शर्ट-पँट जुन्या बाजारात जायची, आणि ती घेणारा मजूर निर्धास्तपणे अंगात घालायचा. सुती लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या. टेरिकॉटच्या पिशव्या. अगदीच गेलेल्या चिंध्या जळगावच्या गॅरेजात हात पुसायला. मारुतीच्या देवळामागे पत्र्याची एक शेड होती. तिथे सारिका मशीन चालवायची, म्हातारी भागाबाई निवडायला बसायची आणि बटणं, हुक, चेन काढून बरण्यांत भरायची. शेडमध्ये केराची टोपली नव्हती. टाकायला काही उरतच नव्हतं.

अशा बायकांना तुम्ही हॉलमध्ये बोलावलंत. निरोप घेऊन तुमचा योगेंद्र आला होता, कंत्राटी नोकरीतला, शिकलेला, गळ्यात ओळखपत्र. “मावशी, साहेबांना तुम्हाला सहभागी करून घ्यायचंय,” म्हणाला. बायका धुतलेली पातळं नेसून गेल्या. पडद्यावर तीन बाण फिरले. तुम्ही पाऊण तास बोललात. वस्तू फेकायची नाही, ती पुन्हा वापरात आणायची, गोल फिरवायची, वगैरे.

यशोदाबाई उठली. “साहेब, गोल फिरवायची म्हणजे फेरीच ना? ती तर आम्ही मारतोच. मग बंद का केली?”

तुम्ही हसलात. पहिल्या रांगेतलेही हसले, कारण तुम्ही हसला होतात. “मावशी, फेरी असंघटित असते. आवाज, गाठोडी, घाण. आता डबा आला. लोक येतील, टाकतील, जातील.”

“डबा भाव करेल का?”

“भाव कशाला? लोक दान करतील.”

“आणि आम्ही?”

“तुम्हाला हिरवी जाकिटं देणार आहोत. कार्यक्रमाला डब्याशेजारी उभ्या राहा. तुमचाही सहभाग दिसला पाहिजे.”

पुढचं योगेंद्रने बाहेर, जिन्याखाली सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज पडला होता. महिनाभरात डबा भरला तर मुंबईचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर डबा उघडणार आणि फेरीबंदी कायमची होणार. अख्ख्या धुळ्यात. त्यानंतर जळगावात.

जळगावात यशोदाबाईची धाकटी बहीण कुंदाबाई फेरी करायची, पहूरचा बाजारही धरायची. तिला फोनवर सांगितलं तर ती माहेरच्या बोलीत तडकली, “अवं पन डब्याले देईन कोन? मी मेली तरी फुकट ना देऊ! भरू दे त्याले वाऱ्यानं!”

यशोदाबाईलाही तसंच वाटत होतं. डबा रिकामा राहणार आणि आपली फेरी परत मिळणार. नुसतं थांबायचं.

आणि डबा भरला.

पहिल्याच आठवड्यात गळ्यापर्यंत भरला. योगेंद्रने रिकामा करून माल गोदामात टाकला, तर पुन्हा भरला. यशोदाबाई पाटीपाशी उभी राहून बघत होती. वीस वर्षांच्या ओळखी, चहाचे कप, ते भांडण, ते हसणं. सगळं सोडून बायका त्या मुक्या डब्याच्या तोंडात लुगडी कोंबत होत्या? घरी येऊन तिने टोपली पालथी घातली. सुपडूने खाटेवरून विचारलं, “काय झायं?” ती म्हणाली, “काही नही. लोके बदलनात.”

सारिकाचं मात्र डोकं तडकलं. “आई, लोकं बदलली तर बदलली. पण मला एक सांगा, ताईबाई अक्का फुकट देईल? ती तर पाहुण्याला पाणीसुद्धा पेला मोजून देते.”

ते ऐकून यशोदाबाई उठली. तिने टोपली घेतलीच नाही, मोकळ्या डोक्याने कॉलनीत शिरली. पाटीत टोपलीवाल्यांना बंदी होती, बाईमाणसाला नव्हती. अक्का ओट्यावर वाती वळत बसली होती.

“अक्का, तुम्हीसुद्धा डब्यात लुगडी टाकली?”

अक्काच्या हातातला कापूस उडाला. “थू थू! मी जित्ती शे आजून! मयतना डबाम्हा माना लुगडा टाकस का मी?”

“मयतना डबा?”

“मंग? बठ्ठी कॉलनी तेच म्हनस. जाय, हिलाल नानाले इचार.”

हिलाल नाना नदीकाठच्या स्मशानात लाकडं रचून द्यायचे. त्यांनी विडी विझवली आणि बोट दाखवलं. कॉलनीच्या त्या वळणावरूनच स्मशानाचा रस्ता फुटतो. “साहेबांना जागा मोकळी दिसली, दिव्याचा खांब दिसला. पण तो रस्ता कुठं जातो हे नाही विचारलं कुणाला. पूर्वी लोकं गेलेल्याचे कपडे इथं नदीकाठी ठेवून जायचे. आता परतताना वाटेत डबा लागतो. टाकतात आणि मागं न बघता निघतात. त्यात डबा बसवला कधी? पितरांच्या पंधरवड्यात! पेटीत ठेवलेले जुन्या मयतांचे कपडेही बाहेर निघाले.” नाना खो खो हसले, मग खोकले. “यशोदा, तुझ्या साहेबांनी आमच्या धंद्याची शाखा उघडली बघ.”

यशोदाबाई हसली नाही. तिला गोदाम दिसत होतं. डब्याला कान नसतात. कोणतं कापड कुणाचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या ढिगातलं एकही कापड कुणी अंगात घालणार नव्हतं, आणि हे जुन्या बाजारात कळलं की तिथल्या सगळ्याच मालावरचा विश्वास उडणार होता.

गप्प बसली असती तर? भागाबाईने तेच सुचवलं. “उघडू दे त्याले चारचौघांत. आपली फेरी आपोआप सुटेल.” पण नेम तो नेम. गेलेल्या माणसाचं कापड आहे हे माहीत असताना न सांगणं फेरीत बसत नव्हतं. ती तडक योगेंद्रकडे गेली आणि स्पष्ट सांगितलं, “बाबा, तो मयतांचा डबा झालाय. चार लोकांत उघडू नका. आधी आम्हाला बोलवा, आम्ही नीट निवडून देतो.”

योगेंद्र बिचारा धावत तुमच्याकडे आला. आठवतं ना, साहेब? तुम्ही म्हणालात, “या बायकांचा धंदा बुडतोय म्हणून त्या भुतं सोडताहेत. डबा भरलाय ना? मग झालं.”

मांडव पडला. खुर्च्या, फुलं, माईक. मुंबईहून पाहुण्या बाई आल्या, साध्या, चष्मा लावलेल्या, गळ्यात सुती ओढणी. कॉलनी जमली ती कौतुकाला नाही, बघायला. हे काय उघडतात आणि कसं उघडतात! यशोदाबाई, सारिका, भागाबाई हिरवी जाकिटं घालून डब्याशेजारी उभ्या होत्या, पण यशोदाबाईने आपली टोपली सोबत आणली होती. योगेंद्र म्हणाला, “मावशी, टोपलीला बंदी आहे.” ती म्हणाली, “मग मलाही बंदी कर. तुझ्या फोटोत दोघीच उभ्या राहतील.” त्याने तिला टोपलीसकट उभं राहू दिलं.

तुम्ही किल्ली फिरवलीत. हात घातलात. वर आलं एक हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं, आणि पदर अख्खा.

अख्खा पदर दिसला आणि मांडवातल्या बायकांनी तोंडाला हात लावले. जिवंत बाईने दिलेल्या लुगड्याचा पदर फाडलेला असतो. मेलेली कशी फाडणार?

तुम्ही मात्र माईकवर खुललात. “बघा! पदरसुद्धा शाबूत! आमच्या नागरिकांनी किती मनापासून दिलंय!” आणि तुमच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तुम्ही ते लुगडं उलगडलंत आणि शालीसारखं पाहुण्या बाईंच्या खांद्यावर घातलंत. सत्कार म्हणून!

“अरे काय करस तू!” अक्काची किंकाळी मागच्या रांगेतून आली. “मयतनं लुगडं शे ते!”

बाईंनी खांद्यावरच्या लुगड्याकडे बघितलं. टाळ्या वाजवायला वर गेलेले हात तसेच राहिले. आणि गर्दीतून पंडित रिक्षावाला खुर्च्या लाथाडत पुढे आला. डोळे लाल, आवाज फाटलेला.

“मनी मायनं लुगडं शे! शेवंताबाईनं! तुम्ही तमाशा मांडा का तिना?”

तुम्ही खुर्चीच्या मागे सरकलात, साहेब. पंडितचा हात तुमच्या कॉलरपासून वितीवर होता. कॉलनी उठून उभी राहिली होती, आणि त्यातला एकही माणूस तुमच्या बाजूचा नव्हता. मधे कोण पडलं? हिरव्या जाकिटातली असंघटित बाई.

यशोदाबाईने पंडितचं मनगट धरलं. “थांब भाऊ.” मग ती पाहुण्या बाईंकडे वळली आणि लुगडं खांद्यावरून असं अलगद उतरवलं, जसं झोपलेलं लेकरू मांडीवरून उचलावं. छातीशी धरून तिने घडी घातली. अख्ख्या मांडवात तिच्या बांगड्यांचा तेवढा आवाज.

“पंडित, तोंडाने सांग. हाई कोननं?”

“मायनं.” तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. “वाटमा डबा देखा, टाकी दिन्हं. घरमा देखवत नव्हतं माले.”

“बरं. मी ऐकलं.”

ती खाली वाकली, टोपलीत हात घातला आणि बारीक जाळीची ती चाळणी काढली. पंडितच्या हातात दिली.

“दोन साल तुनी माय ह्या चाळणीना मांगे व्हती. एक लुगडं देऊ म्हने, मी दोन मांगू. मी हट्टी, ती मनापेक्षा हट्टी.” तिने त्याच्या हातातल्या चाळणीवरून बोट फिरवलं. “आज एकवरच देस. ती जिंकनी. घरी ने.”

पंडितने चाळणी पालथी केली, उलथी केली. रडता रडता त्याला हसू फुटलं. “माय म्हनती, आखो एक वाटी मांग.”

“ती म्हनतीच!” यशोदाबाईने वाटीही दिली.

मांडव असा हसला की माईक चिरकला. हसता हसता बायका डोळे पुसत होत्या. अक्का तर कधी घरी गेली आणि कधी परतली ते कळलंही नाही. तिने मंचासमोर गाठोडं आपटलं. “यशोदे, मी जित्ती शे, आनि हाऊ पदर देख, फाडेल शे! आते झाकणबी देशी का नही ते सांग!”

“झाकण? अक्का, या जुनेरावर तर चमचा येईल!”

“लुटस का गरिबले!”

आणि मग काय विचारता! घराघरातून गाठोडी निघाली. महिनाभर तुंबलेली फेरी तुमच्या मांडवात फुटली. सारिका कपडे उन्हात धरून बघतेय, भागाबाई “हे जित्याचं का गेलेल्याचं?” असं एकेकीला विचारून दोन ढीग लावतेय, बायका भावावरून कडाकडा भांडताहेत आणि वर बॅनरवरचे तुमचे तीन बाण वाऱ्यावर फडफडताहेत. पाहुण्या बाई मंचावरून उतरून त्या गर्दीत शिरल्या. गळ्यातली ओढणी काढून म्हणाल्या, “माझ्या ओढणीवर काय येईल हो?”

यशोदाबाईने ओढणी उजेडात धरली, ताणली, वास घेतला. “चमचा.”

“एवढंच?”

“मुंबईचं कापड शे बाई. धुतलं की बसतं.”

त्या पोटभर हसल्या, ओढणीची एक चिंधी फाडून पर्समध्ये ठेवली आणि चमचा घेतला. मग तुमच्याकडे वळून विचारलं, “ही व्यवस्था कोणाची?”

तुम्ही घाम पुसलात आणि सांगितलंत, “आमचीच.”

संध्याकाळच्या आत पाटी उतरली. तुम्ही नाही उतरवली. पंडितने रिक्षावर चढून उपटली. जळगावला निघालेले डबे रस्त्यातूनच परत आले, तसे कुंदाबाईने पहूरच्या बाजारात पेढे वाटले. गोदामातला सगळा ढीग यशोदाबाईने शेडवर आणला, आणि ज्यांच्या घरचे ते कपडे होते त्यांना घरोघर निरोप देऊन बोलावलं, एकेक कापड तोंडाने ओळखायला लावलं. ज्याने ओळखलं त्याला वाटी. जे कापड कुणीच ओळखलं नाही, त्याचीही गोधडी झाली. ती हिलाल नानांच्या झोपडीत आहे.

आणि ते हिरवे डबे, कॉलनीतला एक आणि जळगावच्या वाटेवरून परतलेले? तुमच्या कार्यालयाने मोडीत काढायचं ठरवलं. यशोदाबाई स्वतः गेली तुमच्या दारात. “साहेब, फुकट नको. चार डब्यांवर एक पातेलं.” तुम्ही मान वर केली नाही. योगेंद्र पुढे आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “मावशी, झाकणासकट.” झाकणासकट दिलं तिने! आज त्या डब्यांत कडुनिंबाच्या पाल्यात कपडे उकळतात. तीन बाण अजून दिसतात. सारिकाने त्याखालची सगळी अक्षरं खरवडून काढली आणि एकच शब्द लिहिला, फेरी.

पण गोष्ट इथे संपवून तुम्हाला सुटू देणार नाही मी. तुमच्या अहवालात त्या दिवसाचा फोटो आहे म्हणे, खाली ‘आमचे यशस्वी मॉडेल’. बायकांची नावं नाहीत. आणि नव्या हुकुमात लिहिलंय, ‘फेरीस तात्पुरती परवानगी.’ तात्पुरती? जी तुम्ही नोकरीला लागायच्या आधीपासून चालू होती, तिला परवानगी देणारे तुम्ही कोण? सामील कुणी कुणाला करून घ्यायचं होतं, साहेब? तुम्ही यशोदाबाईला, की यशोदाबाईने तुम्हाला?

तिची फेरी आता तुमच्या बंगल्याच्या गल्लीतूनही जाते. हाक ऐकू आली की दाराआड लपू नका. ओट्यावर या आणि तोंडाने सांगा. उत्तर फुकट नको तिला, चमचा देईल. पण उत्तर द्या.